चिपळूणच्या छावणीचा रोखा आणि आगीचा बंदोबस्त

शिवछत्रपतींनीं चिपळूणनजीक मौजे हलवर्ण येथें छावणीस राहणाऱ्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस धाडलेला रोखा इतिहासाच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. कै. वि. का. राजवाडे यांनीं तो ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या आठव्या खंडांत छापला, आणि तेव्हांपासून महाराजांच्या प्रजावात्सल्याचा दाखला म्हणून तो व्याख्यानांतून व शालेय पुस्तकांतून वारंवार पुढें करण्यांत आला आहे. हा मान त्यास योग्यच आहे. परंतु असा मान मिळालेल्या कागदाची एक हानि होते. त्यांतील चार वाक्यें सर्वांस पाठ होतात आणि बाकीचा कागद वाचावयाचा राहून जातो. सदरहू रोख्याचा उत्तरार्ध असाच राहून गेला आहे. त्यांत रयतेचा विषय नाहीं. चूल, आगटी, तंबाखूचा विस्तव, गवताची गंज आणि रात्रींचा दिवा यांचा विषय आहे. रोजच्या साध्या वागणुकींत माणसानें वित्त कसें सांभाळावें, अपघात कसा टाळावा, याविषयीं राजानें स्वतः आपल्या चाकरांस केलेला इतका तपशीलवार उपदेश म्हणून या अर्ध्याचा स्वतंत्र विचार व्हावा असें वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आरंभीं एक घोटाळा दूर केलेला बरा. भाजीच्या देठाचा जो प्रसिद्ध दाखला दिला जातो तो याच रोख्यांतला, असें पुष्कळदां लिहिलें जातें. वस्तुतः तें वाक्य रामाजी अनंत, सुभेदार मामले प्रभावळी, यांस १६७६ सालीं लिहिलेल्या पत्रांतलें आहे. हलवर्णच्या रोख्यांतहि भाजीचा व पाल्याचा उल्लेख येतो, म्हणून दोन्ही पत्रांची सरमिसळ झाली असावी. दोहोंचा हेतु एक असला तरी प्रसंग भिन्न आहेत: रामाजी अनंतास लिहिलेलें पत्र वसुलाच्या कारभाराचें, तर हा रोखा लष्कराच्या मुक्कामाचा.

रोख्याच्या तारखेविषयीं मतभेद आहे. कोणी ती १६७३ च्या मे महिन्यांत धरितात, कोणी १६७४ च्या. कोणतीहि धरिली तरी राज्याभिषेकापूर्वींचा वैशाखमासच येतो, आणि आमच्या विषयास तेवढें पुरे आहे. कारण वैशाख हेंच या पत्रांतील सर्व चिंतेचें मूळ होय. चिपळुणास लष्कराचा मुक्काम पडल्यामुळें दाभोळच्या सुभ्यांत पावसाळ्याकरितां साठविलेला दाणागोटा बराचसा आधींच सरला होता. आसपासच्या मुलखावरहि ताण पडला होता. उन्हाळ्याचे वीस दिवस अद्याप बाकी, आणि पागा तर बसून खाणार. तेव्हां कारकुनांकडून व गडोगडींच्या कोठारांतून मिळेल तें गोळा करून पागेची जेमतेम बेगमी करण्यांत आली. ही बेगमी पावसाळाभर पुरवावयाची आहे, हें सूत्र धरून महाराज पुढें लिहितात. पूर्वार्धांत ती उधळपट्टीनें सरूं नये, आणि सरली म्हणून शिपायांनीं कुणब्याच्या घरांत शिरूं नये, याची ताकीद आहे. उत्तरार्धांत तीच बेगमी एका रात्रींत जळून जाऊं नये याची ताकीद आहे. म्हणजे रयत आणि आग हे दोन विषय रोख्यांत योगायोगानें एकत्र आलेले नाहींत. गवत जळालें कीं शिपाई पुन्हा रयतेच्याच दारीं जाणार, हें लिहिणाराच्या मनांत स्पष्ट आहे.

आतां उत्तरार्धाचा आशय आमच्या शब्दांत देतों. उन्हाळ्याचे दिवस आहेत आणि पागेचे लोक खण धरून राहिले आहेत. कोणी शेकावयास आगटी करील, कोणी भलत्याच जागीं चूल मांडून रांधील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल. जवळ गवत पडलें आहे, वारा सुटला आहे, हें कोणाच्या मनांत येणार नाहीं, आणि नकळत दगा होईल. एक खण पेटला कीं सगळे खण जातील. गवताच्या एका गंजीवर कोठून तरी ठिणगी पडली कीं एकामागून एक सर्व गंजी जातील. मग कुणब्यांच्या माना मारिल्या किंवा कारकुनांस कितीहि धारेवर धरिलें तरी नवा खण उभारण्यास एक लांकूड मिळावयाचें नाहीं. याकरितां जे खासे खासे आहेत त्यांनीं स्वतः नेहमीं फिरत राहावें, आणि रांधतांना, आगट्या पेटवितांना, तसेंच रात्रीं घरांत दिवा असतां उंदीर त्याची वात ओढून नेईल, याकडे लक्ष ठेवावें. गवत व खण वांचले तर घोडीं वांचलीं. नाहीं तर घोडीं बांधावयास नकोत, चारावयास नकोत. पागाच बुडाली आणि तुम्ही मोकळे झालां! हा शेवटला टोला खास महाराजांच्या धाटणीचा आहे. धमकीपेक्षां उपहास अधिक झोंबतो, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें.

या मजकुरांतील ‘खण’ शब्दाकडे थोडें लक्ष द्यावें. घराच्या दोन खांबांमधील भाग तो खण, हा अर्थ आजहि बांधकामांत चालू आहे. छावणींतील पागा म्हणजे खणाला खण लागून उभा राहिलेला, गवतानें शाकारलेला लांबच लांब सोपा. त्यांत घोडीं, माणसें, खोगिरें व वैरण यांचें एकच बिऱ्हाड. अशा इमारतींत एका खणाची आग त्या खणापुरती राहूंच शकत नाहीं. शरदांत कापलेलें गवत वैशाखापर्यंत सहा-सात महिने वाळून काडीसारखें झालेलें असतें, आणि कोंकणपट्टींत या दिवसांत दुपारनंतर समुद्राकडील वारा जोरानें वर चढतो. वाशिष्ठीच्या खोऱ्यांत ज्यानें एक उन्हाळा काढला आहे त्यास रोख्यांतील वाऱ्याच्या उल्लेखाचें मर्म सांगावयास नको. लिहिणारानें आगीचें कारण दैवावर किंवा शत्रूच्या हेरावर टाकलेलें नाहीं. वाळलेलें गवत, सुटलेला वारा आणि बेसावध माणूस ही त्रयी त्यानें मांडली आहे.

तंबाखूचा उल्लेखहि जातां जातां टिपून ठेवण्याजोगा आहे. असद बेग यानें विजापुराहून तंबाखू नेऊन अकबराच्या दरबारीं दाखविल्याची हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. ती सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभींची. त्यानंतर सत्तर वर्षांच्या आंत कोंकणांतल्या छावणीचा मोतद्दार तंबाखूसाठीं चुलींतला निखारा उचलून नेत आहे, आणि ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे कीं राजास तिचा बंदोबस्त लिहावा लागतो. मात्र महाराजांनीं तंबाखूस बंदी केली नाहीं, हेंहि पाहावें. चूल नको, आगटी नको, दिवा नको, असेंहि त्यांनीं कोठें म्हटलें नाहीं. माणसें रांधणार, ओढणार, दिवा लावणार हें गृहीत धरून, तें कोठें व कोणाच्या नजरेखालीं व्हावें एवढेंच सांगितलें आहे. जी आज्ञा पाळणें अशक्य ती लिहूं नये, हें तारतम्य राज्यकर्त्यांत दुर्मिळ.

आतां उंदराकडे वळूं. या रोख्यांतील हा तपशील वाचकांस फार आवडतो; कित्येकांस त्यांत महाराजांच्या कल्पकतेचा चमत्कार दिसतो. आमच्या मतें त्यांत कल्पकता नसून संसारांतला अनुभव आहे. पणतींत किंवा समईंत जळणारी वात कापसाची, आणि ती तेलानें चिंब भिजलेली. उंदरास तें खाद्य वाटतें. मंद झालेल्या दिव्याची वात तो बाहेरच्या टोंकास धरून ओढतो, आणि धुमसतें टोंक कुडाच्या फटींतून किंवा आढ्यावरील गवतांतून घेऊन जातो. दिवा भिंतीच्या कोनाड्यांत ठेवणें, लामणदिवा सांखळीनें अधांतरीं टांगणें, निजण्यापूर्वीं दिव्यास निरोप देणें, चुलींतला विस्तव राखेखालीं पुरून ठेवणें, या चालींस आपण रीत किंवा धर्म म्हणतों. त्यांच्या पोटीं ही धास्ती आहे. घरांत आईनें किंवा आजीनें मुलांस सांगावी ती गोष्ट येथें राज्याच्या शिक्क्याच्या कागदावर आली, यांतच या रोख्याचें अपूर्वत्व आहे. (उंदरानें घरांत आणलेल्या अनर्थाचा दुसरा अध्याय १८९६ सालीं मुंबईस मांडवींत ग्रंथिज्वराच्या रूपानें उघडला, त्यांतील उंदीर व पिसू यांचा संबंध सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ त कराचीस ताडला. तो विषय निराळा.)

परंतु आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें वाक्य उंदराचें नव्हे, शिक्षेचें होय. त्या काळच्या राज्यकारभारांत गुन्ह्यावर औषध एकच: शिक्षा. घर जळालें तर कोणाची तरी मान जावयाची, आणि बहुतकरून ती दुबळ्याची. येथें महाराज सांगतात कीं मान मारून लांकूड मिळत नाहीं. आणि ही मान कुणब्याची म्हणून सांगतात, हेंहि सूचक आहे. पागेच्या लोकांनीं आग लावावी आणि दोष शेजारच्या कुणब्यावर ढकलावा, हा प्रकार त्यांस पूर्ण परिचित असला पाहिजे. नुकसान झाल्यावर केलेला न्याय जळलेलें परत देत नाहीं; म्हणून जें करावयाचें तें आधीं. रोख्याच्या शेवटीं चुकणाराची इज्जत राहणार नाहीं व रोजगारहि राहणार नाहीं, अशी तंबी आहे खरी. पण ती आग लावल्याबद्दल जितकी, तितकीच रोजची खबर न घेतल्याबद्दल आहे. जबाबदारी ठिणगी पाडणाऱ्या मोतद्दारावरून उचलून त्याच्यावर देखरेख करणाऱ्या खाशांवर ठेविली, हा या आज्ञेचा कणा आहे.

ही देखरेख कागदापुरती नव्हती, हें पागेची रचना पाहिली म्हणजे कळतें. सभासदानें राजारामाच्या कारकीर्दींत लिहिलेल्या बखरींत ती दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे रोखा ज्यांस उद्देशून लिहिला त्यांतील हवालदाराच्या नजरेखालीं पंचवीस घोडीं आणि तेवढे स्वार येतात. रात्रीं निजण्यापूर्वीं एका माणसानें चालून पाहावयाच्या चुली व दिवे तेवढेच. शिवाय दर पंचविसांमागें पाण्याची एक पखाल आहेच. फिरत राहा, ही आज्ञा पाळतां येण्याजोगी होती ती यामुळें. सभासदानें पावसाळी छावणीविषयीं असेंहि लिहिलें आहे कीं लष्कर येण्यापूर्वीं दाणा, रातीब, औषधें आणि गवतानें शाकारलेलीं घरें सिद्ध असावींत, व दसरा होतांच लष्करानें छावणीहून निघावें. शाकारलेल्या घरांचा हा उल्लेख रोख्यांतील भीतीस पुष्टि देतो. सभासद नियम सांगतो आणि महाराजांचा रोखा त्या नियमांतला धोका दाखवितो. दोन्ही कागद शेजारीं ठेवून वाचावे.

आणखी एक. हा रोखा वाचण्यासाठीं नव्हे, ऐकण्यासाठीं लिहिला आहे, असें त्याच्या शेवटच्या ओळींवरून स्पष्ट दिसतें. जुमलेदार व हवालदार यांपैकीं कितीकांस मोडी अक्षर लागत होतें कोण जाणे. कारकुनानें तो सदरेवर उभें राहून वाचावयाचा आणि सर्वांनीं तपशीलवार ऐकावयाचा. म्हणूनच त्याची भाषा अशी आहे. कोणी हें करील, कोणी तें करील, अशा लहान लहान तुकड्यांची माळ. प्रत्येक तुकड्यांत एक ओळखीचा माणूस आणि एक ओळखीची चूक. ऐकणाऱ्यांपैकीं ज्यानें कालच गंजीशेजारीं आगटी केली असेल त्यानें त्या जागीं मान खालीं घालावी, अशी ही योजना आहे. फारसी वळणाच्या दरबारी मायन्याखालीं इतकें घरगुती मराठी सांपडतें त्याचें कारण हेंच असावें. भाषाभ्यासकांनीं या रोख्याचें कौतुक केलें आहे, पण त्याची भाषा अशी कां, या प्रश्नाचें उत्तर छावणींतल्या श्रोत्यांत शोधावें लागेल.

येथें स्तुतीस थोडी मर्यादा घातली पाहिजे. आगीच्या भागांत महाराज मोजतात तीं घोडीं, गवत व लांकूड. आग लागल्यास खणांत निजलेलीं माणसें भाजतील, याचा त्यांत उच्चार नाहीं. पूर्वार्धांत कुणबी उपाशी मरतील ही काळजी उघड आहे; उत्तरार्धांत मोतद्दाराच्या जिवाची तशी नाहीं. आधुनिक काळांतील कामगारांच्या सुरक्षेचे कायदे आणि हा रोखा यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती तुलना या ठिकाणीं अडखळते. पागा हें राज्याचें वित्त होतें आणि रोखा त्या वित्ताच्या रक्षणाचा आहे. त्या रक्षणांत माणसें आपोआप वांचत होतीं, हें खरें; तथापि कागदांत नाहीं तें कागदांत घालणें आमचें काम नव्हे.

हीच बुद्धि पुढें चाळीस वर्षांनीं कोणत्या रूपास गेली, हें रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रावरून समजतें. राज्याभिषेकसमयीं अमात्यपद याच घराण्याकडे होतें, म्हणजे चिपळूणच्या रोख्याच्या काळची दरबारची रीत पंतांनीं डोळ्यांनीं पाहिलेली. आज्ञापत्राचा काळ १७१५ च्या सुमाराचा, आणि तें कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या आज्ञेनें झालेलें. त्यांतील दुर्गांचें प्रकरण सर्वतोमुखीं आहे, परंतु तेंहि बहुधा किल्ल्यांच्या बांधणीसाठीं वाचलें जातें. गडावर रोज राहणाऱ्या कुटुंबांनीं कसें वागावें याविषयीं त्यांत जें आहे तें आमच्या विषयास जवळचें.

दारूखान्याचेंच पाहा. तो घराजवळ नसावा, आणि घरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतांतहि नसावा. सदरेपासून अंतर राखून जागा बांधावी, भोंवतीं निर्गुडीसारख्या झाडांचें दाट कुंपण करावें. खालीं तळघर, तळघरांत गच, गचावर माच, आणि माचावर दारूचीं मडकीं व बस्ते. ओल लागूं देऊं नये. आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू बाहेर काढून ऊन द्यावें व पुन्हा मुद्रा करून ठेवावी. राखणदारांनीं रात्रंदिवस पाळीनें जागावें, परवानगीवांचून कोणास जवळ फिरकूं देऊं नये. या यादींतील प्रत्येक कलमामागें एक धोका आहे. निर्गुडीचें कुंपण निवडण्यांतहि जाणतेपणा दिसतो. तिचा पाला गुरें खात नाहींत, त्यामुळें कुंपण टिकतें. चिपळूणच्या रोख्यांत सर्व भार माणसाच्या सावधगिरीवर होता. येथें तो बराचसा जागेच्या रचनेवर गेला आहे. माणूस आज सावध असतो, उद्यां झोंपतो. अंतर, तळघर आणि कुंपण झोंपत नाहींत. या चाळीस वर्षांत बेसावधपणाचे अपघात मराठ्यांनीं बरेच पाहिले असावेत, असा आमचा तर्क आहे.

केराविषयींचें कलम आम्हांस विशेष प्रिय आहे. गडाच्या वाटा, बाजार व तट यांवर केरकचरा पडूं देऊं नये. झाडलेला केर गडाखालीं लोटूं नये. जागच्या जागीं जाळून त्याची राख घरोघरच्या परसांत टाकावी आणि तीवर भाजीपाला करावा. एका आज्ञेंत स्वच्छता, खत आणि वेढ्याच्या दिवसांतील भाजी अशीं तीन कामें साधलीं आहेत. केर तटाखालीं ढकलण्यास मनाई कां, हें ग्रंथांत सांगितलेलें नाहीं. तटाखालीं ढीग सांचला तर तो शत्रूस चढण्यास उपयोगी पडावा आणि माशा व दुर्गंधी यांचें घर व्हावा, हीं दोन कारणें सुचतात, कोणतेंहि धरावें. केर जाळण्याची आज्ञा देणारा हाच ग्रंथ आगीस किती जपतो, हें वर आलेंच आहे. तटावरचें व तटाखालचें गवत जाळून गड न्हाणावा, असेंहि त्यांत आहे. आगीनें गडास स्नान घालण्याची ही कल्पना ज्या लोकांस सुचली त्यांस आगीचें भय आणि उपयोग दोन्ही सारखेच परिचित होते. ठरलेल्या दिवशीं, माणसें उभीं करून, आपण होऊन जाळलेलें गवत पुढें वणव्यास मिळत नाहीं.

पाण्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. गड बांधण्याआधीं पाणी पाहावें, नसेल तर खडक फोडून टांकीं करावींत; झरा पुरेसा आहे म्हणून निश्चिंत राहूं नये, युद्धांत तोफांच्या आवाजानें झरे आटतात आणि पाण्याचा खर्च तर वाढतो, म्हणून राखीव टांकीं करून त्यांचें पाणी एरवीं खर्चूं नये. तोफेच्या आवाजानें झरा आटतो ही समजूत भूगर्भवेत्त्यांस पटो वा न पटो, तीवरून काढलेला निष्कर्ष निर्दोष आहे. वैद्यांविषयींहि असेंच. गडावर रसायनवैद्य, झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य व जखमा बांधणारे असावे, आणि त्यांच्या पंक्तीस पंचाक्षरीहि असावा, असें आज्ञापत्र सांगतें. पंचाक्षरी पाहून हंसूं नये. त्या काळच्या माणसास भुताची भीति आणि जखमेचा पू हीं दोन्ही खरीं होतीं, आणि अमात्यांनीं दोहोंची तजवीज केली.

लिहिलेला नियम आणि पाळलेला नियम यांत अंतर असतें. ११ सप्टेंबर १७५१ रोजीं सिंहगडावरील दारूच्या कोठारावर वीज पडली. स्फोटानें गडावरील तत्कालीन फडणिसांचें घर उद्ध्वस्त झालें आणि घरांतील सर्व माणसें मेलीं. तें दगडी कोठार आजहि गडावर पुण्याकडील दरवाजानें वर आलेल्या प्रवाशास दाखवितात. कोल्हापूर दरबारचें आज्ञापत्र सिंहगडच्या कारकुनांनीं पाहिलें होतें, असें म्हणण्यास आधार नाहीं; म्हणून त्यांनीं नियम मोडला असा आरोप त्यांच्यावर करतां येत नाहीं. आणि विजेवर त्या काळीं उपाय तो कोणता? पण वीज कोठारावर पडणें दैवाधीन असलें तरी तिच्या स्फोटांत एक संसार सांपडणें हें केवळ अंतराचें काम होतें. दारूखाना घराजवळ नसावा, या चार शब्दांचें वजन त्या दिवशीं सिंहगडावर कळलें. गडावर फिरतांना कोठार पाहून पुढें जाणाऱ्या अभ्यासकानें क्षणभर थांबून त्या घराची जागा मनांत आणावी.

पुण्याच्या वाड्यांची कथा याहून निराळी नाहीं. १८२८ च्या फेब्रुवारींत शनिवारवाडा जळाला तेव्हां आग कित्येक दिवस धुमसत राहिली असें सांगतात. दगडी जोतें, तट आणि दिल्ली दरवाजा राहिले. सागवानी खणांचे मजले गेले. एका खणास लागलेली आग सगळे खण घेऊन जाते, हें चिपळूणच्या गवती पागेविषयीं लिहिलेलें वाक्य पेशव्यांच्या नक्षीदार खांबांसहि तितकेंच लागू पडलें.

असो. आतां ज्यांच्या घरीं जुन्या दप्तरांचे रुमाल आहेत त्यांस एक विनंती करावयाची आहे. आपल्यापैकीं बहुतेकांनीं रुमाल सोडतांना हाच क्रम पाळला आहे: आधीं शिक्क्यांचे कागद, मग वतनाचे, मग तारीख लागेल तीं पत्रें, आणि तळाशीं राहतात तीं घरखर्चाच्या याद्या, औषधांचीं टिपणें, शाकारणीचे व तेलवातीचे हिशेब. या तळच्या कागदांस पुष्कळदां वाळवीच्या किंवा रद्दीच्या स्वाधीन करण्यांत आलें. वास्तविक चिपळूणच्या रोख्याचा खरा ताळा तेथेंच मिळावयाचा. एखाद्या किल्ल्याच्या किंवा पागेच्या जमाखर्चांत वैशाख-ज्येष्ठांत शाकारणीस गवत किती लागलें, आगीच्या राखणीस माणूस वेगळा ठेविला होता कीं काय, दारूस ऊन देण्याच्या दिवशीं मजूर लाविले होते कीं नाहीं, पखालीची दुरुस्ती केव्हां झाली, एवढें एका ओळींत जरी निघालें तरी राजाची आज्ञा छावणींत कितपत उतरली, हें सांगतां येईल. अशा याद्यांवर साल नसतें, केवळ महिना व तिथि असते. तेवढ्यावरून त्या टाकून देऊं नयेत. हस्ताक्षर, कागद आणि त्याच रुमालांतील शेजारचे कागद यांवरून काळ बहुधा लागतो. मोडी वाचतां येत नसेल त्यांनीं निदान कागदांचा क्रम न मोडतां, ज्या घडीनें निघाले त्याच घडीनें, कोरड्या जागीं ठेवून वाचणारास दाखवावे, आणि दाखवितांना दिवा किंवा उदबत्ती जवळ ठेवूं नये.